खोट्या तांब्यावरचा हात

सासरे जर्मनीत आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बूट काढायच्या आधी त्यांनी दाराची मूठ नखाने वाजवून पाहिली. मग हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेले आणि आतून टण, टण, टुप असे आवाज यायला लागले. टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "नळ पितळेचा आहे. शॉवर मात्र प्लॅस्टिकचा. वरून मुलामा दिलाय नुसता."

"ठाऊक आहे बाबा," मी म्हटलं. "तो मुलामा द्यायचं काम मीच करते."

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी नेमकी काय नोकरी करते हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. नवऱ्याने "केमिकल कंपनीत आहे" एवढ्यावर भागवलेलं. त्याला कारणही होतं. माझे सासरे पुण्याचे तांबट. बंब, घंगाळं, हंडे, कळशा घडवण्यात त्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या. पत्र्याला हातोडीने आकार देऊन झाला की भांड्यावर शेवटी मठार काढायचा, म्हणजे ओळीने एकसारखे छोटे ठोके देत जायचं. त्याने तांबं कडक होतं आणि प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. अशा माणसाची सून प्लॅस्टिकच्या शॉवरला तांबं, निकेल आणि क्रोम चढवून तो धातूचा असल्याचा भास निर्माण करते, हे सांगायचं कोणी आणि कसं? नवरा आयटीतला. त्याने दोन्ही बाजूंनी हात वर केले होते.

"दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं," सासरे म्हणाले आणि चहा कुठे आहे ते विचारलं.

मला राग पटकन येतो. पण तो माणूस नऊ तासांचा विमानप्रवास करून आला होता आणि चहाचा कप डाव्या हाताने उचलत होता, म्हणून गप्प बसले.

तो डावा हात हेच आमचं खरं दुखणं होतं. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या. त्यानंतर काही महिन्यांतच सासऱ्यांचा मोरीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड नीट जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता हात वापरा, वापराल तसा तो मोकळा होईल. पण सासऱ्यांनी स्वतःच निकाल लावून टाकला होता की हात गेला. दुकान बंद केलं, हातोड्या तांबट आळीतल्या एका ओळखीच्याला देऊन टाकल्या आणि घरात भिंतीकडे बघत बसायला लागले. आम्ही फोन केला की पहिल्याच घंटेला उचलत. फोन मांडीवर घेऊनच बसलेले असायचे बहुतेक. काय जेवलात विचारलं की आमटीपासून लोणच्यापर्यंत सगळं सांगत, मग बराच वेळ कुणीच काही बोलत नसे. ज्या माणसाला बोलायला कधी सवड नव्हती त्याला असं ऐकताना नवऱ्याचा चेहरा उतरायचा. आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावलं त्यामागे एकच इच्छा होती. त्यांनी पुन्हा हातोडी धरावी. कमवायला नव्हे, माणूस म्हणून बसता-उठता यावं म्हणून.

नवऱ्याने त्यासाठी आधीच तयारी केली होती. बाऊमार्क्टमधून, म्हणजे इथल्या हत्यारं-अवजारांच्या मोठ्या दुकानातून, एक छोटी हातोडी आणली आणि कुठून तरी तांब्याचा चांगला जाड पत्रा मागवला. सासऱ्यांनी पत्रा हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि कपाटामागे उभा करून ठेवला.

"का बाबा?"

"चांगलं तांबं नासवायचं नसतं."

नवऱ्याने पुन्हा दोनदा विषय काढला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा ते म्हणाले, "तुला पत्र्याची एवढी हौस असेल तर तू ठोक." पत्रा अजूनही कपाटामागेच आहे.

एका शनिवारी मी त्यांना कारखान्यात घेऊन गेले. आमचं गाव ड्युसेलडॉर्फ आणि वुपरटालच्या मधल्या टेकड्यांत आहे, कारखाना ओढ्याच्या काठाला. शनिवारी दुरुस्तीची कामं असतात, लाइन सावकाश चालते, आणि आधी विचारलं तर घरच्या माणसाला आत नेता येतं. आमचे माइस्टर, म्हणजे लाइनचे प्रमुख, आडव्या अंगाचे आणि डोक्यापेक्षा भुवयांवर केस जास्त असलेले गृहस्थ आहेत. त्यांनी सासऱ्यांना स्वतःच्या हाताने चष्मा आणि पांढरा कोट घातला. कोट सासऱ्यांना पार पोटरीपर्यंत आला.

हौदांच्या रांगेशेजारून आम्ही चालत होतो. वरून पट्टीवर अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तू एकेका हौदात बुडत होत्या, निथळत होत्या, पुढे सरकत होत्या. सासरे मागे हात बांधून चालत होते, लग्नाच्या हॉलमध्ये मुलाकडचे लोक व्यवस्था बघतात तसे. एका निळ्या हौदापाशी मात्र थबकले.

"हे तर मोरचूद आहे!"

"मोरचूदच आहे," मी म्हणाले, आणि मला इतका आनंद झाला की मी हात वर करून माइस्टरना जर्मनमध्ये सांगितलं, त्यांनी ओळखलं म्हणून. माइस्टर म्हणाले, "गेनाऊ!" अगदी बरोबर.

मग मी नीट समजावून सांगायला लागले. हौदाच्या कडेला जाळीच्या टोपल्यांत तांब्याच्या गोळ्या असतात. वीज सोडली की तांबं त्या गोळ्यांमधून पाण्यात उतरतं आणि पलीकडे टांगलेल्या वस्तूवर जाऊन बसतं.

"ठोकल्याशिवाय?"

"ठोकल्याशिवाय."

"मग ते धरून कशाला राहील?"

हा प्रश्न मला आवडला. आमच्या धंद्याचा सगळा जीव ह्याच प्रश्नात आहे. प्लॅस्टिकला धातू धरत नाही. साध्या प्लॅस्टिकवर तांबं चढवलं तर ते सालीसारखं निघून येईल. म्हणून आम्ही असं प्लॅस्टिक वापरतो ज्यात रबराचे अगदी बारीक कण मिसळलेले असतात. पहिल्या हौदातलं आम्ल ते कण खाऊन टाकतं आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. त्या खड्ड्यांत धातूचा पहिला पातळ थर जाऊन अडकतो आणि मग त्यावर तांबं बसतं.

"पाट्याला टाकी लावतात ना बाबा, तसं," मी म्हणाले. "गुळगुळीत पाट्यावर चटणी सरकते. टाकी लावली की पकडते."

"टाकीचं कळलं," ते म्हणाले. "बाकीचं पटलेलं नाही."

तेव्हा आम्ही पहिल्या हौदासाठी एक नवं, कमी विषारी रसायन वापरून बघत होतो. त्याच्या चाचणीसाठी नळाच्या मागे भिंतीवर बसतात त्या गोल, किंचित फुगीर चकत्या घेतल्या होत्या. चाचणीत निकेल आणि क्रोम चढवत नाहीत, नुसतं तांबं जाड चढवायचं आणि मग त्याची पट्टी कापून यंत्राने ओढायची, केवढ्या जोराने सुटते ते बघायचं. त्यातल्या उरलेल्या चकत्यांचा ढीग कोपऱ्यात पडला होता. सासऱ्यांची नजर तिकडे दोन-तीनदा गेली. माइस्टरांनी ते पाहिलं, एक पिशवी भरली आणि त्यांच्या हातात दिली.

"आउसशुस," ते म्हणाले.

"काय म्हणतोय?"

"टाकाऊ माल आहे, घेऊन जा म्हणतात."

"टाकाऊच असणार," सासरे म्हणाले. पण पिशवी त्यांनी सोडली नाही.

पुढचे चार दिवस आमच्या स्वयंपाकघरात माझी परीक्षा चालली होती. आधी त्यांनी चकतीच्या कडेला नख घालून पाहिलं. मग सुरीचं टोक. मग चकती उकळत्या पाण्यात टाकली आणि काढून लगेच गार पाण्याखाली धरली. मी ऑफिसमधून आले की टेबलावर दिवसभराचे प्रयोग मांडलेले असत.

"प्रयोगशाळेत नोकरी लावून देऊ का?" मी विचारलं.

"तुमच्या प्रयोगशाळेत चिंच आहे का?"

चिंच नव्हती. घरात होती. त्यांनी ती भिजवली, मीठ घातलं आणि नारळाच्या शेंडीने चकती अशी घासली की मला आमच्या क्रोमच्या शॉवरची काळजी वाटली. तांबं निघालं नाही. उलट काळवंडलेला थर जाऊन खालचा ताजा गुलाबी रंग वर आला. पूजेच्या दिवशी तांब्या घासल्यावर येतो तोच. सासरे चकती खिडकीपाशी घेऊन गेले, उलटसुलट केली, आतली प्लॅस्टिकची पांढरी बाजू बघितली.

"तांबं खरं आहे," ते म्हणाले. "खाली खोटं आहे."

मी नवऱ्याला म्हटलं, लिहून ठेव, मला अर्धे मार्क मिळाले. तो म्हणाला, मला आयुष्यभरात एवढे मिळाले नाहीत.

रविवारी आम्ही दोघं जंगलाकडे फिरायला गेलो. सासरे म्हणाले, मी पडतो जरा. परत आलो तर खालच्या मजल्यावरच्या आजीबाई जिन्यात हाताची घडी घालून उभ्या. ह्या बाई म्हणजे आमच्या इमारतीचं चालतंबोलतं नियमपुस्तक. काचेच्या बाटल्या कोणत्या वेळी टाकायच्या, जिना कोणी कधी पुसायचा, सगळं त्यांच्याकडून कळतं. आणि रविवार म्हणजे रूहेत्साइट, शांततेची वेळ. रविवारी इथे भिंतीत खिळासुद्धा मारायचा नसतो.

"आल्झो," म्हणजे "तर मग", अशी त्यांनी सुरुवात केली. "तुमच्या घरात दुपारपासून कोणीतरी ठोकतंय."

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मलाही ऐकू आलं. टुप, टुप, टुप, टुप. मग थोडं थांबून पुन्हा टुप, टुप, टुप. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि एकेका उडीत दोन पायऱ्या चढत वर पळाला. एवढा तो आमच्या लग्नात बोहल्यावर चढतानाही पळाला नव्हता.

मी खालीच थांबले. बाईंना सांगायला हवं होतं. माझं जर्मन एरवी बरं आहे पण त्या दिवशी क्रियापदं सगळी भलतीकडे गेली. माझे सासरे तांबट आहेत, हात मोडला होता, वर्षभर हातोडी धरली नाही, आज धरली, असं काहीतरी मी सांगितलं. बाई कान देऊन वरचा आवाज ऐकत होत्या.

"कॉफीच्या वेळेपर्यंत," त्या म्हणाल्या. "त्यानंतर नाही." आणि घरात गेल्या.

वर स्वयंपाकघरात सासरे फरशीवर घोंगडी घालून बसले होते. लोखंडी खलबत्ता उलटा करून दोन्ही पायांत धरलेला, त्यावर चकती, आणि उजव्या हातात बाऊमार्क्टची हातोडी. तिचं तोंड त्यांनी पॉलिश पेपरने घासून आरशासारखं केलं होतं. भोवती फुटलेल्या चकत्यांचे तुकडे पसरले होते. नवरा दारातच उभा होता, आत जायचं त्याला सुचत नव्हतं.

"पहिल्या काही गेल्या," सासरे मान वर न करता म्हणाले. "जोर जास्त झाला. आत कचकडं आहे ना, मोठा ठोका सोसत नाही. हलक्या हाताने घ्यावं लागतं."

हलका ठोका, म्हणजे खांदा नाही, कोपर नाही, नुसतं मनगट. डॉक्टरांनी जे करा म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी कधीच केलं नव्हतं, तेच ते दुपारभर करत होते.

"बाबा, तुमचा हात..." नवरा म्हणाला.

"काय झालं हाताला?"

मग मीच विचारलं, "इतका चांगला पत्रा आणला होता, त्याला हात लावला नाहीत. आणि ह्याच्यावर बसलात?"

त्यांनी हातोडी मांडीवर ठेवली. "खऱ्या तांब्यावर हात चुकला तर तांबं नासतं. ते मला बघवलं नसतं. ह्याच्यावर चुकला तर काय बिघडतं? हे मुळातच फसवं आहे." आणि पुन्हा ठोकायला लागले.

माझ्या धंद्याचा इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता, आणि मला इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. मी चहा टाकायच्या निमित्ताने ओट्याकडे वळले. मला रडू आलं होतं. त्या चकतीवरची ठोक्यांची ओळ वाकडी होती, मधेच तुटलेली होती, एक ठोका खोल तर पुढचा नुसता घासून गेलेला. तांबं मात्र कुठेही उचललं गेलं नव्हतं. प्रत्येक खळग्यात ते प्लॅस्टिकला धरून खाली गेलं होतं.

त्यानंतर मी दर आठवड्याला पिशवी आणायला लागले. चाचण्या चालूच होत्या, चकत्या उरतच होत्या, आणि माइस्टर त्या न मागता बाजूला काढून ठेवत. सासरे सकाळी आंघोळ करून बसायचे ते जेवणापर्यंत, पुन्हा चहानंतर. दुपारची विश्रांती आणि रविवार आजीबाईंच्या हुकमाप्रमाणे बंद. ओळी हळूहळू सरळ झाल्या, मग चकतीच्या मध्यापासून निघून गोल फिरत कडेपर्यंत जायला लागल्या. आणि हात बसला तसा त्यांचा मूळ स्वभावही परत आला. भाजीत मीठ कमी आहे. मुलगा पोक काढून बसतो. ह्या वेळच्या चकत्यांवर तांबं पातळ चढवलंय. मी कारखान्यात जाऊन मोजलं. पातळ नव्हतं. तसं त्यांना सांगितलं, तर म्हणाले, तुमचं यंत्र बिघडलं असेल. मी वाद घातला नाही असं नाही. चांगला तासभर घातला. दोघांनाही मजा आली.

एक चकती मी माइस्टरना दाखवायला नेली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, ठोक्यांच्या तळाशी कुठे तडा दिसतो का ते शोधलं. नव्हता. "हेल्ट," ते म्हणाले. धरलंय. आमच्याकडे ह्याहून मोठी स्तुती नसते. चकती त्यांनी परत दिली नाही, आपल्या ऑफिसच्या खिडकीत उभी केली.

हे मी घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं. सासरे अस्वस्थ झाले. "कुठली दिलीस? ती कडेची ओळ हललेली? ती काय दाखवायची चीज आहे? परत आण. मी दुसरी देतो." दुसरी दिली, तीही खिडकीत गेली. पहिली काही माइस्टरांनी सोडली नाही.

तीन महिने संपले. सामान भरताना नवरा म्हणाला, तो पत्रा घेऊन जा. सासरे म्हणाले, "पुण्यात तांबं मिळत नाही का?" पण धोतरांच्या घडीत त्यांनी चार-पाच चकत्या गुंडाळून ठेवल्या.

"आळीत दाखवून हसणार असाल माझ्या कामाला," मी म्हटलं.

"हसण्यासारखं काय आहे त्यात?" ते म्हणाले आणि बॅगेची चेन ओढली. उजव्या हाताने ओढली.

विमानतळावर निरोप देताना आम्हाला वाटत होतं की सगळं झालं. पण घरी परतल्यावर नवरा फरशीवरची घोंगडी उचलेना. त्याची भीती मला न सांगता कळत होती. इथे टाकाऊ चकत्या होत्या, चुकायची मुभा होती. तिकडे बंद दुकान, सासूबाईंविना रिकामं घर आणि तीच भिंत. खेळण्यातल्या तांब्यावर बसलेला हात खऱ्यावर उतरेल का, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पोचल्याचा फोन आला. त्यानंतर दोनदा बोलणं झालं, जेवण काय केलं, हवा कशी आहे. हाताचं आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग एका शनिवारी सकाळी मी फोन केला. नवरा पलीकडे इस्त्री करत होता. घंटा वाजत राहिली. पुन्हा केला. बराच वेळ वाजून शेवटी उचलला गेला आणि आधी आवाजच आवाज आला. आळीतले ठोके. पण त्यातला एक अगदी जवळचा होता, आणि फोन उचलल्याबरोबर तो थांबला.

"कोण?"

"मी बोलते बाबा."

"हं. लवकर बोल. घंगाळ पायात धरून बसलोय."

"कुणाचं घंगाळ?"

"गिऱ्हाइकाचं. आणखी कुणाचं असणार?"

"हातोड्या तर देऊन टाकल्या होत्या ना?"

"परत आणल्या."

"हात दुखतो का हो?"

"दुखतो की. काम केल्यावर हात दुखणारच." मागे कुणीतरी त्यांना हाक मारली, त्याला ते काहीतरी ओरडून बोलले. मग मला म्हणाले, "संध्याकाळी कर फोन. आत्ता मला वेळ नाही." आणि फोन बंद केला.

नवऱ्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

"वेळ नाही म्हणाले."

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं.